धुराडं कोण झाडणार?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या माझ्या आत्याच्या घरी १९९० च्या सुमारास सरकारी योजनेतली बिनधुराची चूल आली. सिमेंटची, दोन भांड्यांसाठी दोन वैलांची, मागे पाइप आणि तो कौलांतून वर काढलेला. पहिले काही महिने आत्या आल्यागेल्याला मुद्दाम चुलीपाशी बसवून चहा द्यायची. बघा, डोळ्यांना पाणी येतंय का! मग पाऊस लागला. पाइपासाठी कौलं काढली होती तिथून पाणी गळायला लागलं, तेही नेमकं मागच्या वैलावर. आतोबांनी भोकाभोवती डांबर ओतून गळती थांबवली. दिवाळीच्या आसपास धूर पुन्हा घरात यायला लागला. पाइप चोंदला असणार, असं शेजारच्यांचं मत पडलं. पण तो झाडायचा कशाने आणि छपरावर चढायचं कुणी? चूल बसवून गेलेला माणूस पुन्हा काही फिरकला नाही. मे महिन्यात आत्याने पाइप उपसून काढला, भोकावर कौल सरकवलं आणि कोयत्याच्या पाठीने चुलीचं तोंड फोडून मोठं केलं. चूल होती तशी झाली, फक्त मातीऐवजी सिमेंटची.

लाकडाच्या चुलीत सुधारणा करण्याचा आपल्याकडचा इतिहास सत्तर-ऐंशी वर्षांचा आहे. तो वाचताना मला पानोपानी आत्याचं छप्पर दिसतं. चुलीच्या आराखड्यावर हुशार माणसांनी पुष्कळ डोकं चालवलं. चूल बसवल्यावर तिची निगा कोण राखणार, हा प्रश्न मात्र बहुतेकांनी दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर ढकलला.

आधी जळणाची गोष्ट. लाकूड तापलं की त्यातलं पाणी उडतं. मग त्यातून वायू सुटतात. कोरड्या लाकडाच्या वजनाचा जवळपास तीन चतुर्थांश भाग असा वायुरूपानेच निघून जातो. ज्वाळ म्हणून आपण बघतो ते या वायूंचं जळणं. ते सरले की उरतो निखारा. हे वायू धड पेटायला सहाशे अंशांच्या आसपासची उष्णता लागते, भरपूर हवा लागते आणि क्षणभर सवड लागते. यातलं काही कमी पडलं की ते न पेटताच निसटतात. तो धूर. म्हणजे डोळ्यांत जातं ते वाया गेलेलं सरपणच. भांडं ज्वाळेत फार खाली बसलं तरी ज्वाळ गार पडते आणि बुडाला काजळी धरते.

ओलं लाकूड का नको, याचाही हिशेब करता येतो. नुकत्या तोडलेल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. अशा किलोभर लाकडातलं अर्धा किलो पाणी उडवण्यात त्याच्या उष्णतेचा साधारण सातवा हिस्सा खर्ची पडतो. नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. आग मंदावते, वायू पेटत नाहीत, फुंकणी हातची सुटत नाही आणि उरलेल्या उष्णतेतलीही बरीच धुराबरोबर जाते. म्हणून कोकणात चैत्र-वैशाखात लाकडं फोडून, मनगटाएवढ्या जाडीच्या ढलप्या करून, खाली आडवी लाकडं टाकून वारा खेळेल अशी रचायची पद्धत होती. पावसाळ्याची बेगमी म्हणताना आपल्याला तांदूळ-कुळीथ आठवतात. पण जुलैच्या झडीत बाईचे हाल व्हायचे की नाही, हे ठरायचं या रचलेल्या सरपणावर.

आता चुलीची कार्यक्षमता. पाच लिटर पाणी उकळायला लागणारी उष्णता ठरलेली असते. दहा टक्के उष्णता भांड्याला देणाऱ्या चुलीला त्यासाठी साधारण किलोभर वाळलं लाकूड लागतं, पंचवीस टक्के देणारीला चारशे ग्रॅम. भारतीय मानक संस्थेने २०१३ साली सुधारलेल्या आयएस १३१५२ या मानकात पंख्याविना चालणाऱ्या चुलीसाठी किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीसाठी ३५ टक्के अशी अट घातली आहे. तीन दगडांची चूल बहुधा दहा ते पंधरा टक्क्यांत धरतात. पण हे आकडे प्रयोगशाळेत पाणी उकळून काढलेले असतात. घरात भाकरी असते, रटरटणारी आमटी असते, मधेच रडणारं पोर असतं. सवयीच्या हाताची बाई साध्या मातीच्या चुलीतही दोनच लाकडं पुढे सरकवत निगुतीने रांधते, आणि भारी चुलीत तोंडापर्यंत लाकडं कोंबणारा सगळं पुण्य धुराड्यातून घालवतो. धुराडं घरातला धूर नेतं ते गरम हवेच्या ओढीवर. त्या ओढीबरोबर भांड्याखालची ऊबही जाते. त्यामुळे धुराड्याच्या चुलीने सरपण वाचतंच असं नाही, काही वेळा उलट जास्त लागतं. योजनांच्या पत्रकांत मात्र ‘धूर कमी, सरपण कमी’ असं एका दमात लिहिलेलं असायचं.

मातीच्या चुलीची निगा हा वेगळा विषय आहे हे कुणाला जाणवलंच नाही, कारण ती दिनक्रमात विरघळलेली होती. सकाळी राख काढायची, पण तळाशी बोटभर ठेवायची, म्हणजे निखारा धरून राहतो. चूल निवलेली असतानाच पोतेरं फिरवायचं. तोंडाच्या कडेला भेग गेली, वैलाचा काठ झिजला, तर वारुळाची माती, शेण आणि भाताचं तूस कालवून त्याच हाताने लिंपायचं. सणाला पांढऱ्या मातीचा हात. चूल घालण्यात हातखंडा असलेली एखादी बाई गावात असायचीच. ती उंची ठरवायची ती रांधणारीच्या बसण्यावरून आणि घरातल्या पातेल्यांच्या बुडांवरून. बिघाड आणि दुरुस्ती यांत दोन हातांचंही अंतर नव्हतं. सिमेंटच्या चुलीने हे अंतर वाढवलं. ती तडकली की गवंडी हवा, पाइप फुटला की तालुक्याचं दुकान हवं. माती कालवणाऱ्या हाताला तिथे काम उरलं नाही.

याच्या उलटं उदाहरण आपल्या न्हाणीघरातच होतं: तांब्याचा बंब. मधोमध उभी नळी, नळीभोवती पाणी, खाली जाळी आणि जाळीवर जळण. ती नळी म्हणजे धुराडंच. बंबाची निगा घराघरांत बिनबोभाट राखली जायची. राख काढायची, नळीत काठीला फडकं गुंडाळून फिरवायचं, बाहेरून चिंच लावून लखलखीत करायचं. तोटीतून काढलं तेवढं पाणी वरून ओतायचं, नाहीतर रिकाम्या बंबाचा डाख वितळतो, हे शाळकरी पोरालाही पाठ असायचं. हे जमलं याचं कारण मला साधं वाटतं. नळी हातभर लांबीची, सरळ, खालून डोकावलं तर वरचा उजेड दिसणारी. ती झाडायला छपरावर चढावं लागत नव्हतं.

युरोपात हा प्रश्न कसा सुटला, तेही पाहू. १७९० च्या दशकात शास्त्रज्ञ काउंट रमफर्डने म्युनिकमध्ये विटांच्या बंदिस्त चुली बांधल्या. प्रत्येक भांड्याला स्वतंत्र भोक आणि हवा कमी-जास्त करायला झडप. पुढच्या शतकात बिडाच्या मोठ्या चुली घराघरांत गेल्या. एकाच आगीवर स्वयंपाक, भट्टी आणि आंघोळीचं पाणी. त्यांची देखभाल कटकटीची होती. रोज राखेचा खण उपसायचा, आतल्या वाटा ब्रशाने झाडायच्या, बिडाला गंज चढू नये म्हणून काळं पॉलिश घासायचं. पण तिथे धुराडं झाडणारा हा पेशा आधीपासून होता. जर्मनीत तर धुराडी ठरावीक मुदतीने झाडणं-तपासणं आजही कायद्याने बांधलेलं आहे. आपल्याकडे धुराडं आलं, ते झाडणारा आला नाही.

आपल्याकडची सुरुवात विदर्भातली. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं ठाणं वर्ध्याच्या मगनवाडीत होतं आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे कर्तेधर्ते. तेलघाणी, हातकागद, मधमाश्या यांच्याबरोबरच तिथे चुलीवरही काम झालं. चाळीसच्या दशकात पुढे आलेली ‘मगन चूल’ ही इथली. त्यानंतर हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतल्या एस. पी. राजू यांनी धुराड्याची चूल तयार केली आणि १९५३ मध्ये बिनधुराच्या स्वयंपाकघरांवर पुस्तिका काढली. धुरातून बाईची सुटका व्हावी अशी तळमळ दोन्हीकडे होती. पाइप झाडण्याच्या सूचनाही होत्या. सूचना आणि व्यवस्था यांतला फरक पुढे मोठा झाल्यावर कळला.

तो मोठा झाला १९८३ नंतर. केंद्र सरकारने राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम काढला आणि २००२ मध्ये गुंडाळला. मधल्या काळात देशभर तीन कोटींहून जास्त चुली बसल्या. आकडा थक्क करणारा आहे, पण तो बसवलेल्या चुलींचा. हिशेब उद्दिष्टाचा असायचा. पावसाळा उलटल्यावर किती चुली धडधाकट आहेत, याच्यावर कुणाचा पगार अवलंबून नव्हता. पाइप कौलांच्या वर न नेता माळ्यातच सोडून दिलेली घरं मी स्वतः पाहिली आहेत. मोजणाऱ्याला पाइप दिसला, त्याचं काम झालं. तक्रार करावी तर कुणाकडे, हे घरच्यांना ठाऊक नव्हतं.

महाराष्ट्रात या कार्यक्रमाला तांत्रिक बळ देणारी संस्था म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांची पुण्याची आरती, अर्थात ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट. तिथल्या लोकांनी आराखड्याच्या पलीकडचा विचार केला. चूल दर वेळी अंदाजाने बांधली तर आतल्या वाटेचं माप चुकतं, म्हणून त्यांनी साचे केले. ‘लक्ष्मी’सारखी दोन वैलांची धुराड्याची चूल साच्यातून काढता येऊ लागली, आणि चुली बनवून विकणं हा गावातल्या कारागिराचा धंदा व्हावा, असा प्रयत्न झाला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत शहाणी चाल हीच. जो विकतो तोच पुढच्या वर्षी भेटतो, आणि त्याला गावात तोंड दाखवायचं असतं. याच संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची पद्धत बसवली आणि त्यासाठी २००२ मध्ये त्यांना ॲशडेन पुरस्कार मिळाला. त्यांच्या ‘सराई’ या वाफेच्या कुकरमध्ये शंभरेक ग्रॅम कांडी कोळशावर पाच माणसांची वरण-भात-भाजी शिजते. पण भाकरी? ती वाफेवर होत नाही.

भाकरीपाशी थांबायलाच हवं, कारण महाराष्ट्रातल्या अनेक चुली तिच्यावरच अडल्या. भाकरी तव्यावर दोन्ही अंगांनी भाजून होते, तेवढ्यात बाई चिमट्याने निखारे चुलीच्या तोंडाशी ओढते, तव्यावरची भाकरी काढून त्यांच्यासमोर उभी करते आणि बोटांनी फिरवत राहते. क्षणात पापुद्रा सुटतो, भाकरी टम्म फुगते. याला तोंड रुंद लागतं आणि निखारे बाहेर, हाताशी लागतात. धुराड्याच्या चुलीचं म्हणणं याच्या नेमकं उलटं. तोंड लहान असलं तर हवा मोजकी येते, आणि आग आत राहिली तर ओढ नीट बसते. बायकांनी भाकरीची बाजू घेतली आणि तोंडं फोडली. याला अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी ज्वारीची भाकरी लहान तोंडाच्या चुलीवर एकदा करून बघावी.

धुराचेही काही उपयोग होते, ते कुणी जमेस धरले नाहीत. चुलीवरच्या माळ्यावर सरपण वाळायचं, टांगलेल्या कणसांना कीड लागत नसे, वासे आणि बांबू धुराने पोसून निघत. धूर पाइपातून गेला तसा छपराच्या लाकडात भुंगा शिरला, ही तक्रार आत्याचीही होती. फुप्फुसांपेक्षा वासे मोलाचे नाहीत, हे खरंच. पण छपराचा खर्च बाईच्याच घरचा असतो, आणि तिला दोन्ही दिसत असतात.

फुप्फुसांचं काय होतं याबद्दल मात्र शंका उरलेली नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला संशोधक कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातच्या खेड्यांत रांधणाऱ्या बायकांच्या अंगावर यंत्रं लावून धूर मोजला. शहरातल्या हवेची चर्चा करणाऱ्यांना ते आकडे चक्रावून टाकणारे होते. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं की सीओपीडी हा श्वास कोंडणारा फुप्फुसांचा जुनाट आजार केवळ विडी-सिगारेटवाल्यांचा नाही, चुलीचा धूर हे त्याचं मोठं कारण आहे. घरातल्या अशा धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

मग धुराड्याने उतार पडतो का? ग्वाटेमालात धुराड्याच्या चुली देऊन केलेल्या चाचणीत मुलांच्या अंगावर येणारा धूर जवळपास निम्म्यावर आला, पण न्यूमोनियाचं एकूण प्रमाण म्हणावं तसं घटलं नाही. गंभीर न्यूमोनिया मात्र घटला. ओडिशातला अभ्यास आमच्या आत्याच्या बाजूने अधिक बोलतो. रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी सुमारे २,६०० घरांचा चार वर्षं माग ठेवला. पहिल्या वर्षी रांधणारीच्या छातीत जाणारा धूर कमी झाला. दुसऱ्या वर्षापासून तो फरक पुसला गेला. तब्येतीत सुधारणा नाही, सरपणात बचत नाही. कारण? लोक चूल नेमाने वापरत नव्हते आणि तिच्या डागडुजीवर खर्च करत नव्हते. जे प्रयोगशाळेत जिंकलं ते छपरावर हरलं.

पंख्याच्या आणि गोळ्यांच्या जळणाच्या शेगड्यांची कथा थोडक्यात सांगता येते. बीपी कंपनी आणि बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून आलेली ‘ऊर्जा’ शेगडी महाराष्ट्र-कर्नाटकातल्या काही लाख घरांत पोचली. ज्वाळ निळसर, धूर नावाला. पण ती शेतकचऱ्याच्या तयार गोळ्याच खायची, आणि कच्च्या मालाला दुसरं गिऱ्हाईक मिळून गोळ्या महागल्यावर शेगड्या फडताळात गेल्या.

चूल तरीही आहेच, आणि ज्यांच्याकडे धुराड्याची आहे त्यांना ती नीट चालवता येते. पेटवण्याआधी धुराड्याच्या बुडाशी मूठभर पाचट किंवा कागद जाळून आतली हवा तापवली की ओढ लवकर बसते आणि पहिला धूर अंगावर येत नाही. मागचा वैल उघडा ठेवायचा नाही. काही शिजवायचं नसेल तरी पाण्याचं भांडं बसवायचं, नाहीतर ओढ तिथून गार हवा खेचते आणि पुढच्या वैलाचा धूर घरात सांडतो. लाकडं टोकाने जळू द्यायची आणि पुढे सरकवत राहायची. पाइप छपराच्या वर चांगला हात-दोन हात निघालेला हवा, टोपीसह, नाहीतर वारा धूर खाली दाबतो आणि पाखरं घरटी करतात. महिन्यातून एकदा, ओलं लाकूड जाळत असाल तर पंधरवड्याने, दोरीला चिंध्यांचा गच्च बोळा बांधून पाइपातून वरखाली ओढायचा. त्यासाठी पाइपाच्या बुडाशी हात जाईल एवढं झाकणाचं भोक हवंच. माझं ऐकाल तर चूल बांधताना आधी ते भोक बघा, आराखड्याचं नाव मागाहून विचारा. आतली काजळी चिकट डांबरासारखी दिसली तर समजा, लाकूड ओलं आहे किंवा आग कोंडली जाते आहे. असा थर पेट घेऊ शकतो, आणि शाकारलेल्या छपराशी तो खेळ नको.

२०१६ पासून चर्चा गॅसकडे वळली. त्या वर्षी १ मे रोजी उत्तर प्रदेशातल्या बलियात उज्ज्वला योजना सुरू झाली, आणि २०१९ च्या सप्टेंबरात आठ कोटीवी जोडणी दिली गेली ती तेव्हाच्या औरंगाबादेत. जोडण्या देणं हे काम झपाट्याने झालं, त्याचं श्रेय द्यायला हवं. पण कॅगच्या २०१९ च्या अहवालाप्रमाणे उज्ज्वलाचं कुटुंब वर्षाला सरासरी ३.२१ सिलिंडर घेत होतं. तीन सिलिंडरांत पाच माणसांचा वर्षभराचा स्वयंपाक होत नाही. उरलेला चुलीवर होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली जवळपास ८० टक्के कुटुंबं स्वच्छ इंधनावर रांधतात असं दिसतं, पण ती पाहणी मुख्य इंधन विचारते, दुसरं नाही. गॅसची निगा म्हणजे पुढचं सिलिंडर. ती मातीने लिंपता येत नाही, तिला रोकड लागते.

गॅस दिला की सगळं साधतं, असंही नाही. भारतासह (तामिळनाडूत) चार देशांत सुमारे ३,२०० गरोदर बायकांपैकी निम्म्यांना गॅसची शेगडी आणि फुकट सिलिंडर देऊन केलेल्या हॅपिन चाचणीत धूर खरोखर घटला, तरी बाळांच्या जन्मवजनात लक्षणीय फरक पडला नाही. यावरून गॅस नको असं कुणी काढू नये. गावातला धूर एका घरापुरता नसतो, आणि आयुष्यभर छातीत साठलेला काही महिन्यांत जात नाही, एवढं मी त्यातून घेते.

दरम्यान महामार्गावर ‘चुलीवरची मिसळ’ आणि ‘चुलीवरचं मटण’ यांच्या पाट्या दर मैलाला दिसू लागल्या आहेत. चव छान असते. मी एकदा कौतुकाने आत डोकावले तर चुलीपुढची बाई पदराने डोळे पुसत होती आणि वर पत्र्याला धुराडं नव्हतं. बाहेर मात्र सजावटीला मातीची छोटी चूल, रांगोळी काढून.

आत्या आता पंच्याहत्तरीची आहे. ओट्यावर गॅस आहे. चहा, दूध, सुनेची फोडणी त्यावर. चूल तिने मागच्या पडवीत नेली, मातीची, स्वतः घातलेली. तिकडच्या दोन भिंती पाडून टाकल्यात, त्यामुळे धूर जातो कुठे हा प्रश्न वर्षातले आठ महिने येत नाही. पावसाची झड आली की ती बाजारातून आणलेली पत्र्याची चूल आत घेते, आणि चार महिने घराला पुन्हा जुना वास येतो. सरकारी पाइप अजून आहे. न्हाणीचं पाणी त्यातून परसातल्या केळींना जातं, आणि तो चोंदला की आत्या बांबूच्या टोकाला चिंधी बांधून स्वतः साफ करते. जमिनीवर आडवा आहे ना आता.